आई प्रभुभोजन घेत नव्हती तेव्हा

महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब शेजारच्या मोठ्या गावाहून सायकलवर यायचे. हँडलला पिशवी अडकवलेली असायची आणि पिशवीत बेकरीचा पाव. त्या दिवशी आमच्या देवळात प्रभुभोजन असे, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. देवळाला चर्च म्हणणारे लोक नगरला राहून आलेले. आमच्यासाठी ते देऊळच होतं, मातीच्या भिंतींची आणि पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, खाली चटयांवर. पाळकसाहेब पावाचे तुकडे ताटलीत घेऊन ओळीनं फिरायचे. त्यांच्यामागून एक म्हातारबाबा मनुका भिजवून गाळलेल्या पाण्याचा प्याला घेऊन यायचे. आमच्या गावात द्राक्षारस कुठून येणार?

त्या रविवारी ताटली आईपुढे आली आणि आईनं हात पुढे केला नाही. दोन्ही हात पदराखाली घेतले आणि खाली बघत बसली. पाळकसाहेबांना वाटलं, तिचं लक्ष नाही. ते वाकले, ताटली आणखी जवळ नेली. आई म्हणाली, "फुडं व्हा, साहेब."

हळूच बोलली, पण त्या खोलीत हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जायचं. पाळकसाहेब पुढे सरकले. पुढे मी होते. मी हात केला, तुकडा घेतला, तोंडात टाकला. मग बायांच्या ओळीतली प्रत्येक मान आधी आईकडे वळली, नंतर पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या माझ्या चुलतीकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

त्या माना मी अजून विसरलेले नाही. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. पाव अजून तोंडातच होता, आणि मनात आलं ती प्रार्थना नव्हती. मनात आलं, ही बाई मेली तर बरं होईल. ही म्हणजे आई.

चुलतीला मी थोरली आई म्हणायचे. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची ती बायको. काका लवकर गेले, तिला मूलबाळ नव्हतं. आमची आणि तिची घरं एका भिंतीची, अंगण एक. वडील नगरला एका दवाखान्यात वॉचमन होते, पंधरा दिवसांनी घरी यायचे. आई रोजानं कामाला जायची आणि मी थोरल्या आईच्या मांडीवर वाढले. पहिली अक्षरं तिनंच मला शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मोठ्या पुस्तकावर बोट ठेवून ओळखायला लावली.

नऊ वर्षांची असताना मला फिट आली. तेव्हा आम्ही फेफरं म्हणायचो. थोरल्या आईच्या घरी जात्याजवळ पडले. शुद्धीवर आले तेव्हा तिच्या मांडीवर डोकं होतं, तिच्या हातात चप्पल होती आणि माझ्या नाकात कातड्याचा वास. पाच वर्षांनी पुन्हा एकदा आली, तीही घरातच. दोन्ही वेळा पाहिलं ते फक्त थोरल्या आईनं आणि आईनं. आईनं वडिलांनासुद्धा सांगितलं नाही. "कुनाला कळता कामा नये," असं ती मला बजावायची, जणू मी कुणाचं काही चोरून आणलं होतं.

मग जामखेडकडचं एक स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, घर ख्रिस्ती, दोन पिढ्या शिकलेलं. त्यांची माणसं बघायला यायची त्या दिवशी आईनं दिवस उगवायच्या आत अंगण सारवलं, शेजारून कपबश्या मागून आणल्या. थोरली आई आंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि पोह्यांचं ताट उचलायला गेली. आईनं तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

"तुमी आतच बसा, बाई," आई म्हणाली. "लग्नाचं काम हाय."

एवढंच. थोरली आई विधवा होती. आपल्यात शकुन-अपशकुन नाहीत, प्रभूपुढे सगळे सारखे, असं देवळात दर दोन-तीन महिन्यांनी सांगितलं जायचं आणि आई त्याला मान डोलवायची. पण ताट काही तिनं थोरलीच्या हातात राहू दिलं नाही. थोरली चुलीपाशी जाऊन बसली. मी पोहे घेऊन बाहेर गेले, पाहुण्यांसमोर बसले, शास्त्रातला एक उतारा वाचून दाखवला आणि त्यांना पसंत पडले.

पंधरा दिवसांनी निरोप आला की मुलाच्या मनात एवढ्यात लग्न करायचं नाही. असल्या निरोपानं कुणी फसत नाही. आईनं चौकशी केली. मुलाचे वडील आठवड्याच्या बाजारात थोरल्या आईला भेटले होते. मुलीला काही दुखणं आहे का, असं त्यांनी सरळ विचारलं होतं, आणि थोरलीनं सरळ सांगितलं होतं.

आईचं डोकं फिरलं. एरवी ती थोरलीला 'बाई' आणि 'तुमी' म्हणायची, त्या दिवशी अगंतुगंवर आली. अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडत होती, "तुझ्या मांडीवर टाकली हुती ना गं पोर! तूच तिचा गळा कापला! दोनदा फेफरं आलं तर काय मेली का ती? कुनाच्या घरात दुखनं नसतं?"

थोरली आपल्या दारात उभी होती. ती एकच वाक्य बोलली. "खोटं बोलले का मी?"

भांडणाआधी माझं फेफरं जामखेडकडच्या एका घराला माहीत होतं. भांडणानंतर ते सगळ्या वस्तीला माहीत झालं आणि दिवस मावळायच्या आत गावाला. आमचा धर्म बदलून दोन पिढ्या झाल्या होत्या, पण गावाच्या तोंडी आमची वस्ती अजून महारवाडाच होती. विहिरीवर गावातल्या बाया आमच्या घागरीत वरूनच पाणी ओतायच्या. कोण कुठल्या देवाला जातं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मात्र आमच्या घरातलं भांडण त्यांना तपशिलासकट ठाऊक असायचं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एकीनं मला विचारलं, "काय गं, घागर डोक्यावर असताना आलं म्हंजे?" आणि बाकीच्या हसल्या.

हे सांगितलं कुणी? आईनं. स्वतःच्या तोंडानं, अंगणात उभं राहून. आणि राग धरून बसली ती थोरलीवर.

मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी जाऊन समेट करावा आणि मगच देवापुढे यावं, असं शास्त्रात आहे. ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं आणि कुणी ते पाळत नव्हतं. आमच्या वस्तीत भांडणं काय कमी होती? कोंबड्यांवरून, सांडपाण्यावरून, पोरांवरून लोक शनिवारी एकमेकांचे वाडवडील उद्धरायचे आणि रविवारी शेजारी बसून भाकर घ्यायचे. आईनंच एकटीनं ते शब्दाला शब्द खरं धरलं. पहिल्या रविवारी भाकर घेतली नाही, दुसऱ्या महिन्यात नाही, तिसऱ्या महिन्यात नाही. थोरली मात्र दर महिन्याला शांत तोंडानं हात पुढे करत होती. आणि दर महिन्याला त्या माना वळत होत्या.

चौथ्या महिन्यात पाळकसाहेब घरी आले. उन्हातून सायकल हाणत आले होते, सदरा पाठीला चिकटला होता. आईनं खाटेवर घोंगडी टाकली, बिनदुधाचा चहा दिला.

"बाई, किती दिवस चालायचं हे?" ते म्हणाले. "क्षमा करा आता."

"करते की," आई म्हणाली. "ही बगा. 'जाऊबाई, म्या तुमाला माफ केलं.' झालं?"

"असं नव्हे. मनापासून करायची असते."

"मग मन कुठनं आनू, साहेब? तुमीच आना पुढल्या बारीला पिशवीतनं, पावाबरूबर."

पाळकसाहेब रागावले नाहीत. दमलेला माणूस होता तो. पाच-सहा गावं सायकलवर करायचा. म्हणाले, "निदान पोरीचा तरी विचार करा. तुम्ही असं बसून राहता, दर महिन्याला सगळ्यांना आठवण होते. तिचं लग्न कसं जमायचं?"

मी दारामागून ऐकत होते. माझ्या बाजूनं त्या घरात बोलणारा तो पहिला माणूस. आईनं चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "साहेब, मी जाऊबाईच्या तोंडावर खोटं बोलंन. तुमच्या तोंडावर बी बोलंन. पन त्याच्या ताटात हात घालून खोटं न्हाई बोलायची. च्या प्या, गार हुतोय."

तिचा खरेपणा किती मोठा आहे, असं मला पुढे अनेकांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकालाही तिच्या शेजारी बसायला लागलं नव्हतं. मला विचाराल तर त्या दिवशी मला तिचा खरेपणा म्हणजे निव्वळ दांडगाई वाटली. तिला देवाशी खोटं बोलायचं नव्हतं आणि त्याची किंमत माझ्या तोंडावरून वसूल होत होती.

आणि माझं काय? मी दर महिन्याला भाकर घेत होते. आईचा द्वेष करत होते, थोरलीचा त्याहून जास्त, विहिरीवरच्या बायांचा, जामखेडकडच्या मास्तरचा, त्याच्या बापाचा. एवढं सगळं पोटात घेऊन मी हात पुढे करायचे, 'आमेन' म्हणायचे आणि प्याल्यातलं गोड पाणी प्यायचे. न घेण्याची माझ्यात हिंमत नव्हती. नाही घेतलं तर लोक म्हणतील, आईबरोबर हिचंही काहीतरी आहे, एवढीच मला भीती. देवाची नव्हती.

त्या साली पाऊस पडला नाही. बाहत्तरचा दुष्काळ म्हणजे काय हे आमच्या भागातल्या कुणाला सांगायला नको. आमच्या गावाजवळ रस्त्याचं काम निघालं आणि सगळं गाव खडी फोडायला लागलं. जमीनवाल्या घरांतल्या बायाही तोंडावरून पदर ओढून आल्या. पण त्यांची टोळी वेगळी, त्यांचा पाण्याचा माठ वेगळा. आमच्या वस्तीची टोळी नाल्याच्या अंगाला. खायला रेशनची तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना मोडायची आणि चावताना रबरासारखी लागायची.

त्या दिवसांत पहिल्या रविवारी देऊळ भरायचं. गव्हाच्या पावाचा तो वास सगळ्या खोलीत पसरायचा. लहान पोरं ताटलीकडे अशी बघायची की पाळकसाहेब त्यांच्यापुढून जाताना नजर वर करत नसत. आई दिवसभर दगड फोडून आठवडा काढायची. तिच्या गालांची हाडं वर आली होती. तरी ताटली पुढे आली की हात पदराखाली.

मुकादमानं कामाच्या जोड्या लावल्या. एकीनं फोडायचं, दुसरीनं वाहायचं, मग उलट. घरं शेजारी म्हणून त्यानं दोघी जावांची जोडी लावली. आई त्याला म्हणाली, दुसरी द्या. तो म्हणाला, "इथं लग्न लावायचं न्हाई, खडी फोडायचीय."

मग त्या दोघी सहा-सात महिने एकमेकींच्या डोक्यावर पाटी चढवत होत्या, एक शब्द न बोलता. एकीनं पाटी भरली की दुसरी येऊन वाकायची. पाटी डोक्यावर नीट बसली नाही तर 'हं' म्हणायचं, बसली तर तेही नाही. मी पलीकडच्या ढिगावर असायचे. कितीदा तरी मला वाटायचं, आता आई मुद्दाम पाटी वाकडी ठेवील. कधी ठेवली नाही. उलट थोरलीची पाटी ती जरा कमी भरायची, कारण थोरलीला मानेचं दुखणं होतं. मी ते पाहिलं आणि मला आणखीच राग आला. एवढं कळतं तर बोलत का नाही?

एकदा दुपारी थोरली फोडत असताना दगडाची कपची उडून तिच्या डोळ्यात गेली. ती डोळा दाबून खाली बसली. टोळीतल्या बाया धावल्या, कुणी पाणी मारा म्हणालं, कुणी चोळू नका म्हणालं. आईनं डोक्यावरची पाटी खाली टाकली, सगळ्यांना बाजूला केलं, थोरलीचं डोकं आपल्या गुडघ्यावर घेतलं, दोन बोटांनी पापणी उघडली आणि जिभेच्या टोकानं कपची काढली. थुंकली. मग पदराचा बोळा करून थोरलीच्या डोळ्यावर धरला.

थोरली म्हणाली, "निगालं."

आईनं तिचं डोकं गुडघ्यावरून खाली ठेवलं आणि पाटी भरायला लागली.

ही गोष्ट वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. सगळ्यांना वाटलं, संपलं भांडण. पाळकसाहेबांनाही कुणीतरी सांगितलं. पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी प्रवचनाला कुसळ आणि मुसळाचा उतारा घेतला. नावं घेतली नाहीत, पण म्हणाले, "आपल्यातल्याच एका बहिणीनं दुसरीच्या डोळ्यातला खडा आपल्या जिभेनं काढला. जिथं जिभेनं घाव घातले होते तिथं त्याच जिभेनं औषध केलं. ह्यालाच क्षमा म्हणतात." बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. बेत चांगला होता त्यांचा. मलासुद्धा वाटलं, आता आई हात पुढे करील.

आई उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "डोळ्यात खडा हुता, काढला. कुत्र्याच्या पायातला काटा बी काढते मी. त्याचं भजन करू नका."

आणि बायांच्या पायांवरून वाट काढत बाहेर निघून गेली. त्या दिवशी प्रभुभोजन झालं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. थोरलीनं भाकर घेतली. तिचा डोळा अजून लाल होता.

त्याच दुपारी मी थोरल्या आईच्या घरी गेले. वर्षभर मी तिचा उंबरा ओलांडला नव्हता. ती सुपात मिलो घेऊन खडे निवडत होती. तिनं मला बस म्हटलं नाही आणि मी बसले नाही.

"तू का सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"इचारलं म्हनून."

"नसतं सांगितलंस तर?"

"सासरी पडली असतीस. चुलीवर पडली असतीस, हिरीवर पडली असतीस. मंग त्यांनी फसवलं म्हनून आनून सोडली असती. तवा काय केलं असतं तुझ्या आईनं?"

"म्हणजे माझ्या भल्यासाठी सांगितलंस."

तिचं बोट सुपात फिरत होतं ते थांबलं. ती हो म्हणाली असती तर मी निघून गेले असते आणि जन्मभर तिला खोटारडी समजत राहिले असते. ती म्हणाली, "न्हाई. तसं बी न्हाई. त्या मानसानं इचारलं तवा मला हसून टाळता आलं असतं. पन मला ताट आठवलं. हातातनं हिसकलेलं. वाटलं, आता तिला कळंल. खरं बोलले मी, पन तुझ्या आईला लागावं म्हनून बोलले."

"आणि मी?"

"तुझा इचार आला न्हाई त्या टायमाला."

मी तिच्या मांडीवर वाढलेली. मला वाटतं, आयुष्यात मला कुणी इतकं लागेल असं दुसरं काही बोललं नाही. मी म्हणाले, "मग तू भाकर कशी घेतेस गं? आई तरी घेत नाही. तू दर महिन्याला घेतेस. तू तिच्याहून वाईट आहेस."

ती पुन्हा खडे निवडायला लागली. मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, तिलाही दुखावं म्हणून. ताटाचं ऐकल्यावर आई चुलीतलं लाकूड उगाच पुढे-मागे करत राहिली.

"ताटाचं म्हनाली?"

"हो."

"मला वाटलंच हुतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हातातनं काढलं तवाच कळलं. तिनं सोडलं न्हाई लगीच. वढावं लागलं."

"मग आता तरी तिला माफ कर ना. चूक तुझीही होती."

आई माझ्याकडे वळली. "त्यात माफ काय करायचं? खरं बोलली ती. लपवलं म्या. ती चुकली असती तर कवाच माफ केलं असतं. ती बरूबर हाय, ह्येच मला गिळवत न्हाई."

पुढच्या महिन्यात ताटली थोरल्या आईपुढे आली तेव्हा तिनंही हात पुढे केला नाही. आता बायांच्या ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक बाई हात झाकून बसलेली. पाळकसाहेब ताटली धरून क्षणभर तसेच उभे राहिले. मला वाटलं, ते आता रडतील किंवा ओरडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. घरी येताना आई रस्ताभर धुमसत होती. "माझं बगून करती. समदं माझं बगून करायचं हिला. एवढी तरी गोष्ट माझी मला ठिवायची हुती." मी तिला सांगितलं नाही की हे माझ्यामुळे झालं. भीती वाटली म्हणून नव्हे. सांगायची इच्छाच झाली नाही.

दुसऱ्या साली पाऊस झाला. खडीचं काम सुटलं, लोक पुन्हा शेतांवर कामाला जाऊ लागले. राहुरीकडचं एक स्थळ आलं. आईनं पुन्हा अंगण सारवलं, पुन्हा कपबश्या आणल्या. थोरलीला बोलावलं नाही. ती भिंतीपलीकडे आपल्या घरात होती. पाहुणे यायच्या आधी आईनं माझी हनुवटी धरली. "दुखन्याचं काडायचं न्हाई. ऐकतीस का?"

मी मान हलवली. बाहेर गेले, पोहे दिले, बसले. मुलाच्या आईनं विचारलं, शिवण येतं का. मी म्हणाले, "येतं. आणि मला दोनदा फेफरं आलंय. एकदा नवव्या वर्षी, एकदा चौदाव्या."

हे मी देवासाठी केलं असं सांगितलं तर शोभून दिसेल. तसं नव्हतं. मला दोघींनाही दाखवायचं होतं की तुमचं ते खरं आणि खोटं घेऊन बसा, मी माझं मीच सांगते. आईच्या पुढ्यात तिची सगळी तयारी मोडताना मला आनंद झाला. पण खरं सांगते, बोलून झाल्यावर पाठीवरचं दगडांचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

पाहुणे सभ्य होते. चहा पूर्ण प्यायले. जाण्याआधी मुलाच्या वडिलांनी उभं राहून प्रार्थना केली, माझ्या आरोग्यासाठी, लांबलचक. मग गेले ते गेलेच.

ते वळणाआड होताच आईनं माझ्या तोंडात मारली. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या. पुन्हा हात उगारला तेव्हा भिंतीपलीकडून थोरलीचा आवाज आला, "मारू नको तिला."

"तू बोलू नको," आई भिंतीला म्हणाली.

"मी बोलनार. मारलंस तर भाईर यीन."

"ये की! ये! कवाची बसलीस बिळात!"

दीड वर्षात त्या दोघी एकमेकींशी बोलल्या त्या अशा. थोरली बाहेर आली नाही. आईनं हात खाली घेतला. मी परातीत कपबश्या गोळा केल्या आणि विसळायला बसले. कान गरम झाला होता आणि आत कुठेतरी हसू येत होतं.

तिसरं स्थळ नेवाशाकडचं. मुलगा नगरला एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा. ह्या वेळी मी पोह्यांच्या आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला, "किती वर्षं झाली?"

"पाच."

"औषध?"

"नाही."

"नगरला डॉक्टर आहेत त्याचे. गोळ्या मिळतात." एवढं बोलून त्यानं माझ्या हातातल्या पोह्यांच्या ताटाकडे पाहिलं, कारण त्याला भूक लागली होती.

त्याच्याशी माझं लग्न झालं. लग्नात थोरली आई मागच्या चटईवर बसली होती. आईनं तिला पुढे बोलावलं नाही. लग्नानंतर वर्षाच्या आत मला तिसऱ्यांदा फिट आली, नगरच्या खोलीत, नवऱ्याच्या समोर. त्यानं चप्पल हुंगवली नाही, कुशीवर वळवलं आणि रिक्षा आणायला धावला. गोळ्या सुरू झाल्या. अजून घेते.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले. वस्तीत बाळंतपणाची जाणती बाई म्हणजे थोरली. तिच्याशिवाय भागणार नव्हतं, हे आईलाही माहीत होतं. त्या दोघी माझ्या खाटेच्या दोन बाजूंना बसून माझ्यामार्फत बोलत. "तुझ्या आईला सांग, शेक पुरे झाला." "तुझ्या चुलतीला सांग, धुरी जास्त नको, धूर कोंडतोय." मी कळा देत असतानासुद्धा मला निरोप पोचवावे लागले. मुलगी झाली. आईनं ती थोरलीच्या हातातून घेतली, थोरलीनं लगेच दिली.

तीन आठवड्यांनी पहिला रविवार आला. आई देवळात गेली, थोरली माझ्यापाशी थांबली. दुपारी एक शेजारीण बाळाला बघायला आली आणि म्हणाली, "आज तुझ्या आईनं भाकर घेतली. कुनाकडं बगितलं न्हाई, हात फुडं केला आन् घेतली."

थोरली बाळाच्या अंगाला तेल लावत होती. तिचा हात थांबला. "घेतली?" ती म्हणाली. "मला न सांगता?" आणि तिचं तोंड असं उतरलं की मला आधी कळेचना. मग कळलं, ती रागावली होती. इतके महिने तिनंही हात झाकले होते, आणि आई एकटीच उठून जाऊन आली होती.

संध्याकाळी आई भाकरी थापत असताना मी तिला विचारलं, "केलंस का मग माफ?"

"कुनाला?"

"थोरल्या आईला."

"मी तिला माफ करनारी कोन? तिनं मला केलं का, ते जाऊन इचार आधी."

मी विचारलं नाही. दोघींना काहीही विचारण्याची माझी हौस कधीच फिटली होती, आणि बाळ रडायला लागलं होतं. पुढच्या महिन्यात थोरलीनंही भाकर घेतली असं मला नंतर कळलं. तेव्हा मी नगरला परतले होते. आई आणि ती त्यानंतर रोज भांडत होत्या असं वडील सांगायचे. कोंबड्यांवरून, सांडपाण्यावरून, वस्तीतल्या इतरांसारख्या.